पिस्ता रंगाची स्लाइड

फुस्सकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, रबरी फुगा असायचा. तान्ह्या मुलांचं नाक साफ करायला केमिस्टकडे मिळतो तो, नारिंगी रंगाचा, पुढे चोच असलेला. खुर्चीवर बसण्याआधी फुस्स, चष्मा डोळ्यावर चढवण्याआधी फुस्स, आमच्या दाराची बेल दाबण्याआधी बेलवरसुद्धा फुस्स. पनवेलमध्ये राहून धुळीशी वैर धरणारा माणूस एक तर संत असतो किंवा डोकं फिरलेला. काका संत नव्हते.

तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य शेड जुळवण्यात गेलं होतं. गिऱ्हाईक एखादा पत्र्याचा तुकडा आणून टाकायचं, त्याच्यासारखा हुबेहूब रंग तयार झाला की नाही ते काकांनी बघायचं. त्या तुकड्याला ते मूळ नमुना म्हणत. "शंका आली की मूळ नमुना उजेडात धर," हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते भाजीवाल्याला टोमॅटोबद्दल ऐकवत आणि मला जवळजवळ सगळ्याच बाबतीत ऐकवत. कारखान्यात ते कुठल्याही रंगाला कधी "बरोबर" म्हणाले नाहीत म्हणे. फार तर "चालेल" म्हणायचे. निवृत्त झाल्यावरही तो कंजूषपणा गेला नाही. माझ्या बायकोने केलेली पुरणपोळी चालेल होती, आमच्या मुलीचे नव्वद टक्के चालेल होते. माझ्या वाट्याला तर चालेलसुद्धा क्वचितच यायचं.

आमच्या मजल्यावर ते एकटेच राहत. काका बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू. पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. आता पनवेलमध्ये त्यांच्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली आहेत, बाकीची केव्हाच इस्राएलला गेली. काकांची एकुलती एक लेकही तिकडेच. काकू गेल्या तेव्हा ही पोर पाळण्यात होती. तिला आई आठवतच नाही, आणि घरात काकूंचा कागदावरचा एकही धड फोटो नव्हता, कारण काकांना तरुणपणी स्लाइडचा नाद होता. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला फिल्मचा तुकडा. कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म हेच चित्र, मागे निगेटिव्ह वगैरे काही नाही. सगळ्या काकू त्या पुठ्ठ्यांत होत्या आणि दर पावसाळ्यात त्यांच्यावर थोडी थोडी बुरशी चढत होती.

लेक बरीच वर्षं मागे लागली होती की बाबा, आता कायमचे इकडे या. काका शेवटी तयार झाले, पण आधी स्लाइड स्कॅन करून होऊ देत असं म्हणाले. "बुरशी त्या देशात नेऊन तिच्या हातात देऊ काय?" मला म्हणाले, "कंटेनरवाल्या, तुला कॉम्प्युटर कळतो. स्कॅनर बघ." मी जासईच्या कंटेनर यार्डात नोकरी करतो. तिथे कॉम्प्युटरवर कुठला डबा कुठे ठेवला आहे एवढंच मी बघतो. पण शेजारी म्हातारा माणूस आहे, म्हणून हो म्हटलं. त्या हो बद्दल मी स्वतःला पुढे बरंच बोललो.

पहिल्यांदा मी ऑनलाइन एक छोटा डबा मागवला. स्लाइड आत सरकवायची, बटण दाबायचं, झालं. पहिली स्लाइड बघून काका म्हणाले, "हा स्कॅनर नाही, आत कॅमेरा कोंबलाय. आभाळ बघ, पांढरं फटक. आणि कडेचा माझा मेहुणा कापला." डबा परत. मग ऑफिसात कागद स्कॅन करतात तसलं चपटं मशीन स्लाइड ठेवायच्या साच्यासकट आणलं. त्यात मेहुणा पूर्ण आला, पण त्याचा चेहरा आमटीत बुडाल्यासारखा. तेही परत. मी म्हटलं, काका, मेहुण्यावाचून अडलंय कुठे? ते म्हणाले, "मेहुणा गेला तरी चालेल. पण पुढच्या स्लाइडमध्ये त्याची बहीण आहे."

शेवटी खास फिल्मसाठी बनवलेला जुना स्कॅनर मिळाला, खारघरला लागून असलेल्या ओवे गावात. एका फोटोग्राफरने स्टुडिओ बंद करून तिथे मोबाइलची कव्हरं विकायला घेतली होती. त्याने कपाटावरून मशीन खाली उतरवलं. "मशीन एक नंबर हाय," तो म्हणाला, "पन नखरं लय. तुमच्या नव्या लॅपटॉपला तो वलखनार नाय. आनि वाकडा पुट्टा गिळला का सोडत नाय. तुमी नेवा, पन परत आनू नका." काकांनी मशीनवर फुस्स केलं आणि म्हणाले, "चालेल." मला तेव्हाच धोका कळायला हवा होता.

फोटोग्राफर शब्दाला जागला. नव्या लॅपटॉपने मशीनला ओळख दिली नाही. ड्रायव्हर टाकला, काढला, पुन्हा टाकला, केबल बदलली. मग आमच्या यार्डातून भंगारात निघालेला एक जुना कॉम्प्युटर साहेबांच्या हातापाया पडून आणला, तेव्हा कुठे दिवा लागला. दिवा लागला तर चित्रावर आडव्या रेघा. रेघा गेल्या तर मधला भाग स्पष्ट आणि कडा धूसर, कारण पुठ्ठ्यात फिल्म फुगली होती. एकेक फिल्म पुठ्ठ्यातून सोडवून प्लास्टिकच्या चौकटीत बसवावी लागली, बुरशी मऊ ब्रशने आणि औषधाने हलकेच टिपावी लागली. हे सगळं करणारा मी. खुर्चीत बसून "हळू, अरे हळू, याला दुसरी प्रत नसते" म्हणणारे काका.

त्यात माझी साप्ताहिक सुट्टी शनिवारी. आणि शनिवारी काका मशीनला हात लावत नसत, दुसऱ्याला लावू देत नसत. आकाशात तीन तारे दिसले की शनिवार संपला, असा त्यांचा हिशेब. पनवेलच्या आकाशात तीन तारे एका वेळी दिसणं म्हणजे नवसाने मिळणारी गोष्ट. सुट्टीच्या दिवशी दुपारभर घरात लोळून संध्याकाळी गॅलरीत मान वर करून तारे शोधणारा यार्डाचा सुपरवायझर समोरच्या बिल्डिंगने मन भरून पाहिला. एकदा मी पूर्वेकडे बोट दाखवून "तिसरा" म्हटलं. काकांनी बघितलं. "ते नवी मुंबईचं विमान आहे," म्हणाले आणि आत गेले.

अशा रीतीने पहिला गठ्ठा झाला. मी तो अभिमानाने पडद्यावर दाखवला. एक स्लाइड उरणच्या किनाऱ्यावरची होती, मागे द्रोणागिरीचा डोंगर आणि पुढे काकू उभ्या, पदर वाऱ्यावर. आज त्या बाजूला गोदामांशिवाय काही दिसत नाही. काकांनी एकदाच पाहिलं. "वारा उलटा वाहतोय." मी म्हटलं, म्हणजे? "हिचा पदर डावीकडे उडाला होता. तू फिल्म पालथी घातलीस." मी सगळा गठ्ठा पालथाच घातला होता. फिल्मची कुठली बाजू वर ठेवायची ते मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. "एवढं तर कुणालाही कळतं," म्हणाले. मी एकेक फिल्म पुन्हा पलटायला घेतली.

दुसऱ्यांदा मी हुशारी केली. त्या स्कॅनरमध्ये एक सोय होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी धूळ ओळखायची आणि चित्रातून आपोआप पुसून टाकायची. मला वाटलं, धुळीच्या या शत्रूला याहून मोठी भेट काय देणार. चित्रं आरशासारखी स्वच्छ आली. काकांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "हिचा तीळ कुठे गेला?"

काकूंच्या वरच्या ओठाशी तीळ होता. तिथे आता गुळगुळीत गाल होता. काकांची फिल्म जुन्या जातीची होती, आणि त्या जातीच्या फिल्मवर गडद ठिपका दिसला की मशीन त्याला कचरा समजतं, हे मला नंतर शोधल्यावर कळलं. काका रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. खिशातला फुगा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "माझ्या लेकीला आईचा तीळसुद्धा माहीत नसता," एवढंच बोलले. मला स्कॅनर गाढी नदीत फेकून द्यावासा वाटला. सोय बंद केली आणि तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी धूळ आम्ही फुग्याने उडवली. एक फुस्स ते, एक फुस्स मी.

मग रंग. इथे तर माझा माणूस तज्ज्ञ होता, म्हणून मी निर्धास्त होतो. पडद्यावर चित्र आलं की काका म्हणत, "पिवळं आहे. निळं वाढव." मी वाढवत असे. "अजून." मी अजून वाढवत असे. त्या उरणच्या स्लाइडमधली साडी मला कोवळ्या केळीच्या पानासारखी हिरवी दिसत होती. काका म्हणाले, "पिस्ता होती. ही पिवळी पडलीय. निळं टाक." मी टाकत गेलो, तशी साडी मोरपंखी झाली, समुद्र शाईसारखा झाला आणि काकूंचा चेहरा थंडीत कुडकुडणाऱ्या माणसासारखा झाला. मी म्हटलं, काका, हे निळंभोर झालंय. मूळ नमुना उजेडात धरून बघू या का?

"स्लाइड जुनी झाली. तीही पिवळीच पडलीय," ते म्हणाले. "आता मूळ नमुना इथे आहे." आणि कपाळावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, मला स्लाइड पिवळी दिसत नाही. एकदा डोळे दाखवून या. त्यावर काका असे भडकले की बेलवर फुस्स करणं महिनाभर बंद होतं. "ज्या डोळ्यांनी जन्मभर शेड पास केल्या ते डॉक्टरला दाखवू? ती साडी मी आणली होती. तू पाहिलीस का कधी?" नव्हती पाहिली. वाद घालून काय उपयोग, त्यांची बायको, त्यांची साडी. दात-ओठ खात मी सगळ्या स्लाइड त्यांनी सांगितल्या तशा निळ्या केल्या. शेवटच्या फाइलला त्यांनी मान हलवली. "चालेल."

काका गेले ते एका बॅगेनिशी. चित्रं पेनड्राइव्हमध्ये, आणि मूळ स्लाइड पापडाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट, माझ्या स्वाधीन. "प्रवासात हरवल्या तर दुसरी प्रत नाही," म्हणाले. "आणि पावसाळ्यात डबा उघडू नकोस." टॅक्सीत बसण्याआधी सीटवर फुस्स केलं. मग काय वाटलं कोण जाणे, फुगा माझ्या खिशात घातला. मी दुसरीकडे बघत ड्रायव्हरला रस्ता सांगायला लागलो. त्याला रस्ता माहीत होता.

तिकडे पोचल्यावर लेकीने पहिलं काम केलं ते त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्याचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही चांगला मुरलेला, चहासारखा पिवळा. दोन्ही ऑपरेशनं झाली. सगळ्या जगातला पिवळेपणा एका फटक्यात उतरला. हे मला त्यांच्या लेकीकडून कळलं तेव्हा, खरं सांगतो, मला आनंद झाला. इतक्या महिन्यांच्या छळानंतर मी बरोबर निघालो होतो. काय काय ऐकवायचं ते मी ठरवूनही ठेवलं.

एका रविवारी सकाळी काकांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हणाले, "सगळं निळं आहे रे."

मी म्हटलं, हो काका.

"तू सांगत होतास."

ठरवलेलं सगळं मी बाजूला ठेवलं. मी म्हटलं, स्कॅनर आहे अजून, पुन्हा करू. मला रंग माहीत आहे, तुम्ही पिस्ता म्हणायचात.

"म्हणायचो," ते म्हणाले. "शब्द आठवतो. रंग दिसत नाही. रोज हेच निळं बघत बसायचो, आता डोळे मिटले तरी ती निळ्याच साडीत येते." मग म्हणाले, "मूळ नमुना उजेडात धर. तू बघ, आणि मला सांग."

आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, ते मला बघायला सांगत होते. डबा उघडला, ती स्लाइड शोधली, फुग्याने दोन्ही बाजूंनी फुस्स केलं आणि गॅलरीत गेलो. फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला. स्लाइड आकाशासमोर धरली. बुरशी पुन्हा कोपऱ्यातून डोंगरापर्यंत आली होती. काकूंपर्यंत पोचली नव्हती.

मी सांगत गेलो. साडी कोवळ्या केळीच्या पानाची, ऊन पाठीमागून आलं की पान कसं दिसतं तशी. काठ पिकल्या जांभळाचा. कपाळाला ऊन लागलंय म्हणून डोळे थोडे बारीक केलेत. तीळ आहे. मी थांबलो की ते "हं, पुढे," म्हणायचे. माझं सांगून संपलं. तो त्यांचा शेवटचा फोन ठरला. ते गेल्याचं पुढच्या महिन्यात लेकीनेच कळवलं. पण त्या सकाळी मला ते माहीत नव्हतं, मी आपला हात वर करून उभा होतो.

"पदर कुठल्या बाजूला उडालाय?" काकांनी विचारलं.

"डावीकडे."

"बरोबर," काका म्हणाले.