हॅश जुळलेलं हसणं

बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून फायली परत काढून देणं हे माझं गोंदियातलं पोटापाण्याचं काम. डिस्क मेली की बहुतेक वेळा फायलींची नावं जातात आणि हाती नुसता ढीग येतो. तो मी आधी चाळून घेतो. प्रत्येक फाइलचा एक हॅश निघतो, अंगठ्याच्या ठशासारखा. फाइलमध्ये तीळभर फरक पडला तरी तो पार बदलतो. तयार सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या फायलींचे हॅश जगभर तेच, आणि त्यांची यादी मिळते. जुळेल ते बाजूला काढायचं, उरेल ते गिऱ्हाइकाचं. या चाळणीवर माझा भारी भरवसा, गर्वच म्हणा ना.

केशोरीहून एक बाई आल्या. गावात त्यांचं झेरॉक्सचं दुकान. त्यांची लहान मुलगी तापाने गेली होती. ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर चित्रं काढत बसायची. ती गेल्यावर बाईंना त्यात तिचं हसणं सापडलं आणि रोज ते ऐकूनच त्या कामाला लागत. मग डिस्क बसली.

"बाकी काही नको भाऊ, तेवढं हासनं काढून दे."

चाळून उरलेल्या आवाजाच्या फायली मी एकेक करून वाजवल्या. भजनं, लग्नाची गाणी. हसणं नव्हतं. बाई भडकल्या.

"तूच फेकलं असशीन! काऊन फेकलं?"

मीही वैतागलो. बाजूला काढलेले आवाज वाजवायला घेतले, एकदाचं यांचं समाधान होऊ दे म्हणून. एका फाइलीत लहान मूल खदखदून हसलं आणि शेवटी श्वास अडकल्यासारखं थांबलं.

"हेच! माही पोरगी!"

ते हसणं मुलांच्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरबरोबर येतं. शाळांच्या कॉम्प्युटरवर बसवून द्यायला ते सॉफ्टवेअर माझ्याकडेही होतं. खोटं बोलवेना, म्हणून माझ्या कॉम्प्युटरवरून वाजवून दाखवलं. तेच हसणं, तसाच अडकलेला श्वास.

"ताई, हे सगळीकडे सारखंच असतं. तुमच्या मुलीचं नाही."

बाई रडतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याशी हळूच बोलल्या, "इथं बी येऊन राहिली का वं बाई?"

मी शहारलो. हा प्रकार थांबवावा म्हणून कॉम्प्युटरच्या बटणाकडे हात नेला, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"नको करू बंद. तिले अंधाराचं भेव वाटते."

मी बंद केला नाही.