नाकातून गेलेली परखी

तुमसरच्या बाजारात धानाच्या पोत्याला परखी मारावी ती भैय्यालाल पटलेनंच. परखी म्हणजे टोकदार लोखंडी नळी. ती पोत्यात खुपसायची, मूठभर दाणे हातावर घ्यायचे आणि माल कसा आहे ते सगळ्यांदेखत ठणकावून सांगायचं. अडत्यानं डोळे वटारले तरी गड्याचा आवाज खाली येत नसे. तोच आवाज आता कित्येक दिवस बसला होता, आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा बारमाही. (आधी खर्रा विकणाऱ्याचंच तोंड तपासायला पाहिजे!) घरात सगळ्यांच्या मनात एकच शब्द. तो ओठांवर आणायची हिंमत फक्त बायकोची, शकुनबाईची.

"कॅन्सर असन तर असन, पाहून तर येऊ!"

"मले नाई जाच," भैय्यालाल घोगऱ्या आवाजात म्हणाला. "गळ्याले भोक पाडून आतलं पाहतेत."

"कोन म्हनते?"

"कोनी कायले म्हनन? भोक पाडल्याबिगर आतला माल दिसते का?"

जन्मभर पोत्यांना भोकं पाडली आणि स्वतःची पाळी आली तर पळतो! शकुनबाईनं त्याला भंडाऱ्याच्या बसमध्ये कोंबलंच. भर वैशाखात पठ्ठ्या गळ्याला मफलर गुंडाळून बसला.

दवाखान्यात डॉक्टर दामिनी हसल्या. "मफलर राहू द्या, काका. मला नाक पाहिजे."

त्यांच्या हातात उदबत्तीच्या काडीएवढी, वाकणारी काळी नळी. टोकाला दिवा आणि मोहरीएवढा कॅमेरा. नाकात बधिर करायचं औषध मारलं आणि नळी आत सरकली. भैय्यालालनं खुर्ची अशी धरली, जणू खुर्चीच पळून चालली. पण भोक नाही, रक्त नाही. थोडी गुदगुली, डोळ्यांत पाणी. समोर पडद्यावर त्याचाच गळा, आत आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या.

"म्हणा, ई..."

"ईऽऽ..." पट्ट्या थरथरत जवळ आल्या.

"ओरडून ओरडून दोन बारक्या गाठी आल्यात. कॅन्सरसारखं काही दिसत नाही. पण खर्रा सोडला नाही, तर पुढच्या वेळी मी हसणार नाही. आणि सांगेपर्यंत बोलणं बंद. कुजबुजसुद्धा नाही."

आता डोळ्यांत आलं ते पाणी नळीचं नव्हतं.

बाहेर येताच त्यानं खिशातली पुडी शकुनबाईच्या हातात दिली. तिनं ती कचऱ्यात भिरकावली आणि बसमध्ये बसल्याबरोबर सुरू झाली, "आता आयका. लगन झालं तवापासून तुमी मले बोलूच नाई देल्लं..."

भैय्यालालनं तोंड उघडलं.

"हूं! डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं?"

त्यानं गपकन मिटलं. तुमसर येईस्तोवर शकुनबाई काही थांबली नाही, आणि तो खिडकीशी बसून नुसता हसत राहिला.