माश्या बऱ्या आहेत

माझ्या थोरल्या जावेला मधमाश्या ऐकू येतात. गेली अकरा वर्षं. भांडी घासताना, अंथरुणावर पडल्यावर, शिडीवर असताना. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत दिवा घालून पाहिलं आणि कान स्वच्छ आहेत म्हणून सांगितलं. "मग आवाज कशाचा?" हिनं विचारलं. "झोप नीट घेत चला," ते म्हणाले. एवढं सांगायला आम्हाला अख्खी सकाळ रांगेत बसवलं. हे तर मीच चुलीपाशी बसून सांगितलं असतं.

खरं म्हणजे आमच्याकडे माश्याच नाहीत. औषधालासुद्धा एक सापडायची नाही. बहराच्या दिवसांत दीड हजार झाडं पांढऱ्या फुलांनी भरतात आणि बागेत चिडीचूप. नवीन बाई कामाला आली की पहिले दोन दिवस दबक्या आवाजात बोलते, घरात कोणी आजारी असल्यावर बोलावं तसं. माश्यांचं काम आता आम्ही चाळीस बायका करतो. गळ्यात परागांच्या पिवळ्या भुकटीची बाटली, हातात काठीला बांधलेली कोंबडीची पिसं. शिडी चढायची, पीस बाटलीत बुडवायचं, फुलाच्या मधोमध टेकवायचं, की पुढचं फूल. बहर सात दिवसांचा. तेवढ्यात जे फूल राहिलं ते गळालं म्हणून समजायचं. शहरात तीच फळं खोक्यात भरून विकतात आणि खोक्यावर छापतात, 'माणसाचा हात न लावता पॅक केलेले'. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसून हसून शिडीवरून पडायचीच राहिले होते.

थोरलीच्या कामाला भारी उरक. माझी पाच झाडं होतात तोवर तिची आठ. त्या उरकानंच आमचा घात केला.

अकरा वर्षांपूर्वी ओढ्याकाठची साठ झाडं आमची स्वतःची होती आणि बांधावर सासूबाईंच्या मधमाश्यांच्या सोळा पेट्या. सासूबाई पेटीला कान लावून सांगायच्या, ही भुकेली आहे, हिची राणी म्हातारी झाली. सुनांशी त्या बोलायच्या त्याच्या दुप्पट माश्यांशी बोलायच्या. घरात कायदा एकच. झाडं फुलावर असताना औषध मारायचं नाही, आणि मारायची वेळ आलीच तर दिवस मावळल्यावर, माश्या पेटीत परतल्यावर. विषाला आम्ही औषधच म्हणतो, आमची जीभच तशी वळली आहे.

त्या वर्षी ऐन बहरात कीड पडली. सासूबाई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या, आम्हा दोघींचे नवरे शहरात शीतगृहात कामाला. पंप मागून आणलेला, दुपारच्या आत परत द्यायचा होता. मी औषध कालवून दिलं आणि थोरलीनं पंप पाठीवर घेतला. सकाळचे दहा वाजले होते. लख्ख ऊन, फुलं उघडलेली.

"ताई, संध्याकाळी मारू या का?" मी विचारलं होतं. नुसतं विचारलं होतं, हात धरला नव्हता.

"आता उरकून टाकू," ती म्हणाली.

दुपारी तीनच्या सुमाराला पेट्यांपुढची जमीन हलताना दिसली. माश्या पाठीवर पडून जागच्या जागी गरगर फिरत होत्या. थोरली आधी नुसती बघत राहिली, मग घरात जाऊन झाडू घेऊन आली. तीन पाट्या भरल्या. घरामागे खड्डा खणून आम्ही त्या ओतल्या, तेव्हा आतून आवाज येत होता. माती लोटली तरी येत होता. तो थोरलीच्या कानात बसला तो बसलाच. माझ्या कानात नाही बसला, आणि याची मला लाज वाटते.

चार दिवसांनी सासूबाई घरी आल्या. ऑपरेशन फसलं होतं, पट्टी काढली तरी दोन्ही डोळ्यांपुढे अंधार. उंबऱ्यातच त्यांनी विचारलं, "माश्या कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," थोरली म्हणाली.

त्या घटकेला खरं सांगायची कोणाची छाती झाली असती? पेट्यांचा आवाज येत नाही असं सासूबाई म्हणाल्या, तर पेट्या वरच्या बागेत नेल्यात असं सांगितलं. पुढच्या वर्षी आणखी लांबच्या बागेत. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, आमच्या खोट्याच्या कपाळी मध लागला. दर हंगामाला थोरली दुकानातून मधाची बाटली आणायची आणि वाटीत ओतून सासूबाईंच्या हातात द्यायची. त्या बोट बुडवून चाखायच्या, "बरा आहे" म्हणायच्या आणि वाटी खाली ठेवायच्या. रोज संध्याकाळी थोरली त्यांचे पाय चेपायला बसली की तोच प्रश्न आणि तेच उत्तर, तेवढ्याच हळू आवाजात.

माश्या गेल्यावर दुसऱ्या वर्षी फळ निम्म्यावर आलं, तिसऱ्या वर्षी पाटीभर. मग ती साठ झाडं शेजारच्या मोठ्या बागायतदाराला विकून टाकली. आता आमच्याच झाडांना त्याच्या शिड्या लावून चढतो.

यंदा सातव्या दिवशी सगळी बाग पाकळ्या ढाळत होती. फुलावर होती फक्त ओढ्याकाठची सावलीतली ओळ, म्हणजे आमचीच. तिथे ट्रॅक्टर नीट वळत नाही, म्हणून गुडघाभर तण माजलेलं. थोरलीचा हात चालता चालता थांबला. तिचा हात कधी थांबत नाही, म्हणून मी वर पाहिलं.

"ऐकलंस? इथे आहेत."

"तुमच्या कानात आहेत, ताई."

"नाही गं. कानातला आवाज एकसारखा असतो. हा थांबतो. थांबतो, आणि दुसऱ्या फुलावर सुरू होतो."

मी तिच्या शिडीवर चढले, फांदीत डोकं घातलं. काही नाही. पण फळं निवडायच्या मशीनपाशी सहा वर्षं काम करून माझे कान कामातून गेलेत, माझ्या नाहीला काय अर्थ?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सगळ्या बागेवर औषध मारायचं ठरलेलं होतं. थोरली तडक मुकादमाकडे गेली. "ओढ्याकाठची ओळ संध्याकाळी मारा. माश्या आहेत तिथे."

मुकादम माणूस वाईट नाही, पण हिचे कान सगळ्या बागेला ठाऊक. "बाई, एक दाखव," तो म्हणाला. "एक माशी दाखव, संध्याकाळी मारतो. आणि खरंच आल्या तर तुझं काम त्याच करतील, तुझी शिडी जाईल, कळतंय का?"

"जाऊ दे की."

आभाळ भरून आलं होतं. अंधार पडेपर्यंत आम्ही फूल न् फूल शोधलं, एक दिसली नाही. घरी येताना थोरलीच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. त्या बारीक आवाजाची पारख करणारे कान एकाच बाईचे होते. आणि त्या बाईला बागेत न्यायचं तर आधी अकरा वर्षं उकरावी लागणार होती.

रात्री पाय चेपता चेपता प्रश्न आला. "माश्या कशा आहेत?"

"आई, माश्या नाहीत," थोरली म्हणाली. मग सगळं सांगितलं. सकाळचे दहा, पंप, झाडू, खड्डा. मी दारात उभी होते. "औषध मी कालवलं होतं," मी म्हटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

सासूबाईंनी पाय ओढून घेतले.

"दर वर्षी एकच चव," त्या म्हणाल्या. "फुलं बदलतात, हवा बदलते. माश्या दोन वर्षं सारखा मध कधी देत नाहीत. पहिल्या वाटीला वाटलं, दुखण्यानं माझी जीभ गेली. दुसऱ्या वाटीला कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू बऱ्या आहेत म्हणायचीस, तेवढ्यापुरत्या त्या असायच्या."

थोरली रडत होती. रडता रडताच तिनं ओढ्याकाठच्या ओळीचं सांगितलं आणि विचारलं, "उद्या ऐकायला याल?" सासूबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या. मला वाटलं, संपलं आता. सकाळी उठून पाहते तर त्या चपला घालून दारात बसलेल्या.

खोकी न्यायच्या ढकलगाडीवर बसवून आम्ही त्यांना बागेत नेलं. ट्रॅक्टर ओळीच्या तोंडाशी धडधडत होता. "ते बंद करा," सासूबाई म्हणाल्या. आवाज असा होता की मुकादमानं मुकाट्यानं बंद करायला लावलं. काम टाकून बायका जमा झाल्या. सासूबाई झाडाखाली उभ्या राहिल्या, एक हात फांदीवर, चेहरा वर. सासूबाईंच्या कपाळावर एक पाकळी पडली, ती त्यांनी काढली नाही. मी फुलांकडे बघायचं सोडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावर काही म्हणजे काही हललं नाही.

मग त्या मुकादमाच्या दिशेनं वळल्या. "आहेत. पुष्कळ आहेत. दिवस मावळेपर्यंत इथे औषध मारायचं नाही."

सोळा पेट्या सांभाळलेल्या म्हातारीला खोटं पाडणार कोण? मुकादमानं डोकं खाजवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "ही ओळ संध्याकाळी."

परत येताना गाडी थोरली ढकलत होती. पंपघरापाशी तिला राहवलं नाही. "आई, तुम्हाला खरंच ऐकू आल्या?"

मांडीवरचे हात सासूबाईंनी एकदा उघडले आणि मिटले.

"बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या.

तसाच हळू आवाज. ते वाक्य आम्हा दोघींनाही ओळखू आलं, आमच्याच घरात अकरा वर्षं वापरलेलं. थोरलीचे हात दांड्यावर थांबले. ती काहीतरी विचारणार असं वाटलं, पण तिनं विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनं गाडी पुन्हा ढकलायला घेतली, अगदी सावकाश, घरी जाऊन काही उरकायचं नसल्यासारखी.