बाच्या वाटेतला कोपरा

माझं लग्न ठरलं तेव्हा पाचूबंदरच्या आमच्या घरात मी स्वतःच्या हातानं प्लायवूडची भिंत घातली. काटकोनात दोन सरळ बाजू, की झाली नवराबायकोची खोली. तिचा कोपरा नेमका बाची खाट आणि मागलं दार यांच्या मध्ये आला. तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तेव्हा बाला दिसत होतं.

बा होड्या बांधायचा. जाड फळी विस्तवावर धरायची, वर पाणी मारायचं आणि होडीच्या पोटाला बसेल अशी वळवायची, यात त्याचा हात धरणारा बंदरावर कुणी नव्हता. मी फर्निचरच्या कामात शिरलो, ते त्याला कधीच आवडलं नाही. प्लायला तो पापड म्हणायचा.

साठीनंतर त्याची नजर गेली. डॉक्टरांनीही हात टेकले. मग तो भिंतीला हात लावत मागल्या दारापर्यंत जायला शिकला. कुणी धरायला गेलं की खवळायचा. तेवढं एकट्यानं चालणं हीच त्याची उरलेली इभ्रत होती. पण त्या कोपऱ्याशी भिंतीवरचा हात सुटायचा आणि कपाळ आपटायचं.

"ह्यो कोपरा गोल कर रं," तो एकदा म्हणाला. "हात सरकत जाईल."

"करतो बा," मी म्हटलं.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. जवळच्या कळंब गावात मुंबईच्या एका शेठचा बंगला होत होता. दिवाणखान्यात त्याला अर्धगोल भिंत हवी होती. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं, आणि वळवताना पहिले दोन्ही प्लाय कडाकडा मोडले. तिसरा मोडला तर दुसरा सुतार बघतो, असं शेठनं तोंडावर सांगितलं. सगळा तोरा उतरला. मुकाट्यानं प्लायची एक पट्टी सायकलला बांधून घरी आणली आणि बाच्या हातात दिली.

त्यानं ती उभी वाकवली, आडवी वाकवली, बोटांनी लाकडाच्या रेषा चाचपल्या.

"ह्या अंगानं वळल, त्या अंगानं नाय. तू उलटी धरलीस," तो म्हणाला. "पापड झाला तरी लाकूडच ना तो? पातळ घे, दोन थर कर. रातभर ओल्या गोणपाटात ठेव, पानी पिऊ दे त्याला. मग थोडा थोडा वळव. घाई केलीस त मोडनार."

मी तसंच केलं. गोल कापलेल्या लाकडी चौकटीवर एक थर बसवला, तो वाळू दिला, सरस लावला, वर दुसरा. कुठे चीर नाही की फुगवटा नाही. शेठ भिंतीवरून हात फिरवत राहिला आणि म्हणाला, कुठे शिकलास? मी नुसता हसलो. बाचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही, याची मला आजही लाज वाटते.

ती भिंत बघून शेजारच्या बंगल्याचं काम आलं, मग गास गावातलं एक. लोकांच्या भिंती मी गोल करत सुटलो. घरचा कोपरा रविवारी करू, पुढच्या रविवारी करू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बानं दुसऱ्यांदा सांगितलं नाही. तो मागे लागणारा माणूस नव्हता, आणि मला ते सोयीचं होतं.

एके सकाळी आय मासळी घेऊन बाजारात गेली होती, बायको विहिरीवर. बा एकटाच उठला. कोपऱ्याशी आपटून त्याचा तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. आता हे चालायचे नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही त्याला घरी आणलं.

मग मी हातातलं काम टाकून कोपरा फोडायला घेतला. आय म्हणाली, "आता कशाला?" मी हातोडा उचलला. बा खाटेवरून कान देऊन होता. मध्येच म्हणायचा, "पानी मार," "आता दाब," आणि त्याचा अंदाज एकदाही चुकला नाही. तीन दिवसांत भिंत गोल झाली. मी त्याची खाट भिंतीलगत ओढली आणि त्याचा हात उचलून प्लायवर ठेवला.

तो हात सरकवत गेला. वळण सुरू झालं तिथे हात संपला. त्यानं खांदा उचलून बघितला, पण जमलं नाही.

"कुठवर केलंस?"

"मागल्या दारापर्यंत, बा."

"चांगलं वळवलंस. पुढचं तू हात लावून बघ आन् मला सांग."

मी डोळे मिटले आणि भिंतीला हात लावून निघालो. त्यानं चालायला हवं होतं तिथून मी चालत होतो. हात कुठेही अडला नाही. बोटांना दाराची चौकट लागली तशी मी तिथेच कपाळ टेकलं आणि तोंड दाबून रडलो.

खाटेवरून बा विचारत होता, "पोचलास काय रं?" आणि मला हो म्हणता येत नव्हतं.