देवाचा माल तपासणारा मामा

देवाच्या कामावर देखरेख ठेवायला अख्ख्या सुरतेत एकच माणूस होता, आणि तो माझा मामा होता. पोटासाठी तो कारखान्यात कापडाचे तागे तपासायचा. कापड उजेडात धरायचं, तुटका धागा, डाग, गाठ शोधायची आणि माल पास किंवा नापास करायचा. पण कारखाना सुटला तरी ती नजर काही सुटायची नाही. नवागामच्या बाजारात तो कारलंसुद्धा उन्हात फिरवून बघायचा, त्यावरच्या नक्षीला मान डोलवायचा आणि परत ठेवून द्यायचा. भाजीवाली बेन शेवटी वैतागून विचारायची, "कारेलां लेवां छे के दर्शन करवां छे?" मामा दर्शनच घ्यायचा. विकत मामी घ्यायची.

सीताफळ खाताना तर विचारूच नका. एवढ्या बिया, पण प्रत्येकीला वेगळी गादी. आणि आमचा शेठ एका खोक्यात किती साड्या कोंबतो, असं म्हणत तो एक फळ तासभर पुरवायचा. एकदा आम्ही सगळे डुमसच्या समुद्रावर गेलो होतो. बाकीचे गरम भजी खात होते आणि मामा नारळाच्या झाडाखाली उभा. झावळीच्या बुडाशी जाळी असते ना, ती त्याने उन्हात धरली होती. "ताना बी शे, बाना बी शे," तो मला आमच्या अहिराणीत म्हणाला, "लूम कोठे शे?" तोवर इकडे भजी संपली होती. डासाला मात्र त्याने कधी पास केलं नाही. तरी नापासही म्हणायचा नाही. "कायतरी कारण व्हई," म्हणत स्वतःच्याच गालावर चापट मारून घ्यायचा.

मग मला मुलगी झाली. तिचा वरचा ओठ फाटलेला होता. हिने ग्रहणात विळी हातात धरली, असं सासूबाईंनी सांगून टाकलं. मी धरली नव्हती, पण माझं ऐकतो कोण? बघायला येणारे पाळण्यात डोकावायचे आणि माझ्याशी न बोलताच निघून जायचे. बारशाला मामाही आला. सुताची गाठ ज्याच्या नजरेतून सुटत नाही, तो आता चारचौघांत काय बोलणार?

त्याने पोरीला उचललं आणि खिडकीपाशी नेलं. बोटं बघितली, नखं बघितली, कानाच्या पाळ्या बघितल्या. ओठापाशी जरा थांबला. मग सासूबाईंकडे वळून तो सावकाश म्हणाला, "विहीणबाई, माल एक नंबर शे. फक्त एक टाका देवनी आपलावर सोडेल शे."

त्या दिवशी मी पोटभर रडले आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले. पुढे काही महिन्यांनी दवाखान्यात पोरीचा ओठ शिवला. टाके निघाले, तसं मामाने तिला कडेवर घेऊन आमच्या गल्लीत दारोदार मिरवलं, कुणी बोलावलं नव्हतं तरी.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मुलीला बघायला पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी ओठावरच्या रेघेचं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "तेवढं काम देवाने आमच्या घरच्यांवर सोपवलं होतं." माझी मान ताठ झाली. ऐकायला मामा तेवढा नव्हता.