मोठ्या अक्षरांतलं ईश्वरविज्ञान

कारंज्याच्या एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवते. विभागात मी एकटीच असल्यामुळे विभागप्रमुखही मीच. कॉलेजनं डिजिटल ग्रंथालय घ्यायचं ठरवलं, तेव्हा प्राचार्यांनी सगळ्या विभागांकडून पुस्तकांच्या शिफारशी मागवल्या. जैन, बौद्ध, वेदान्त, इस्लाम यांवरची पुस्तकं मला सुचली. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानापाशी अडले. मला त्यातलं परीक्षेपुरतं येत होतं, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे.

नवरा म्हणाला, "कामरगाव रोडले ते रिटायर पाळकसाहेब राह्यतात ना, त्याहिले विचार."

पाळकसाहेबांनी उभं आयुष्य विदर्भातल्या लहान लहान चर्चमधून उपासना चालवली होती. आता ते मुलीकडे राहत होते. मी गेले तेव्हा ते पुस्तकांच्या बंद कपाटाजवळ बसले होते.

"डोळ्याचा पडदा खराब झाला," ते म्हणाले. "मधलं दिसत नाही, कडेचं दिसते. तुमचा चेहरा दिसून नाही राह्यला, पण साडी चांगली आहे."

मी आभार मानून कामाचं सांगितलं.

"कोणत्या बाजूची पुस्तकं पाहिजेत?" त्यांनी विचारलं.

"बाजू असतात का?"

त्यांनी मुलीला चहा ठेवायला सांगितलं. बाजू बऱ्याच निघाल्या. त्रैक्य, कृपा, दुःखाचा प्रश्न. एकेका विषयावरची पुस्तकं ते आठवून सांगत गेले, मी लिहून घेत गेले.

यादी ग्रंथालय समितीत गेली, तेव्हा कॉमर्सच्या सरांनी हरकत घेतली. "मॅडम, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. हे तीन का एक?"

"तीनही आणि एकही."

"मंग ऑडिटवाल्याले काय सांगाचं?"

प्राचार्यांचा प्रश्न वेगळा होता. "आपल्याकडं ख्रिश्चन विद्यार्थी किती आहेत?"

"एकही नाही."

"मग वाचणार कोण?"

मी म्हटलं, "भूगोल विभागानं समुद्रावरची पुस्तकं मागितली आहेत."

प्राचार्यांनी थोडा विचार केला. वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दोन्ही मंजूर केली.

ग्रंथालय सुरू झाल्यावर मी पाळकसाहेबांना बोलावलं. ज्यांनी पुस्तकं सुचवली त्यांना ती आली एवढं तरी कळावं, इतकाच हेतू होता. त्यांच्या जावयानं त्यांना मोटारसायकलवरून आणून सोडलं. दुःखाच्या प्रश्नावरचं पुस्तक उघडून मी पहिला परिच्छेद वाचून दाखवायला लागले, तर ते म्हणाले, "अक्षर मोठं होते का याचं?"

मी मोठं केलं. "आणखी." आणखी केलं. शेवटी एका ओळीत दोनच शब्द मावायला लागले. त्यांनी खुर्ची तिरकी केली, मान वळवली आणि डोळ्याच्या कडेनं स्क्रीनकडे पाहिलं. ओठ हलायला लागले. मी वाचायची थांबले, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मी बाहेर जाऊन पाणी प्यायले.

परत आले तेव्हा ते रागावलेले होते.

"हा माणूस चुकून राह्यला."

"काय झालं?"

"दुःख माणसाले घडवते म्हणते. माही बायको दुखण्यात गेली. ते पहिलेच घडलेली होती." मग म्हणाले, "पुढचं पान कसं येते?"

तेव्हापासून ते येत राहिले. माझे तास असत, म्हणून पानं सरकवायला कॉमर्सचे सर बसू लागले. त्यांचा हिशोब अजून जुळला नव्हता. एकदा मी दारातून ऐकलं, ते विचारत होते, "पण खरं सांगा, तुमाले तरी समजलं का हे तीन-एकचं?"

"नाही," पाळकसाहेब म्हणाले. "उपदेश लय केले त्याच्यावर."

या उत्तरानं सर खूश झाले. पाळकसाहेबांना घरी सोडायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं. गेल्या आठवड्यात संध्याकाळी पाळकसाहेबांच्या मुलीचा मला फोन आला, बाबा अजून आले नाहीत म्हणून. मी सरांना फोन लावला. मागे एसटीचा हॉर्न ऐकू येत होता.

"मॅडम, आमी कामरगावात आहो," सर म्हणाले. "बोलता बोलता घर मागंच राह्यलं."

"मग आता?"

"आता चहा घेऊन राह्यलो. कृपेवर आलो आहो. हे झालं की निघतो."