डावा अंगठा दीदीचा

घोडा दीदी चालवायची आणि तलवार मी. एकाच माणसाची कामं दोघांत वाटून घेतलेला योद्धा जगाच्या इतिहासात फक्त रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात होऊन गेला. त्याने जितके किल्ले घेतले तितके बांधायला पृथ्वीवर दगड पुरले नसते.

होता व्हिडिओ गेमच. जुन्या काळातलं डोंगरी राज्य, रेशमाचे व्यापारी, सराया, लुटारू, आणि या सगळ्यातून घोड्यावरून फिरणारा एक मुका शिपाई. खेळणारा एकच, असं डब्यावर छापलं होतं, पण डबा वाचतो कोण? घरात कंट्रोलर एक होता आणि हावरे दोन. पहिल्या दिवशी त्याच्यासाठी आमची अशी ओढाताण झाली की दोन घरं सोडून असलेल्या देवळातली आरती म्हणे मधेच थांबली. मी उजवीकडून धरलेला, दीदीने डावीकडून, आणि सोडायला कोणीच तयार नाही. पडद्यावर गेम तर सुरू होऊन बसला होता. तेवढ्यात दीदीचा अंगठा तिच्या बाजूच्या दांडीवर दाबला गेला आणि घोडा चालायला लागला. माझं बोट माझ्या बाजूच्या बटणावर पडलं आणि समोरचा लुटारू आडवा झाला. आम्ही ओढायचं थांबलो.

"अबे," दीदी म्हणाली, "हे तं जमून राहिलं!"

तेव्हापासून तेच ठरलं. डावी बाजू दीदीची: चालणं, पळणं, घोडा. उजवी माझी: तलवार, धनुष्य आणि मान वळवून बघणं. मी बघणार तिकडे ती जाणार, ती जाणार तिथे मी मारणार. त्यामुळे खेळताना आमचं तोंड एक क्षण बंद नसायचं. "मागं पाय, मागं पाय!" "पाहून राहिलो न, तू आधी घोडा आवर!" "मार न बे, तोंडाकडे का पाहतो त्याच्या?" शत्रू कितीदा तरी आमच्या तलवारीने नाही, गोंगाटानेच मेले असतील. पाऱ्यातली पोट्टी खिडकीत उभी राहून बघायची आणि हसायची. त्यांच्या घरी एक जण दोन हातांनी खेळत होता. आम्हाला त्यांची दया यायची. एकट्याने कसली आली लढाई?

आई भाजी निवडता निवडता म्हणायची, "दोघं मिळून कसाबसा एक माणूस झाले बाप्पा तुम्ही."

याचा एक परिणाम असा झाला की मला कधी चालता आलं नाही आणि तिला कधी मारता आलं नाही. दीदीची परीक्षा असली की आमचा योद्धा दिवसभर एकाच जागी उभा राहून हवेत तलवार फिरवायचा. मी कॉलेजात असलो की तो नुसता भटकायचा. दीदीने अशी सगळी सृष्टी पालथी घातली. कुठल्या गल्लीत रंगारी बसतो, कुठल्या सरायीच्या मागे जर्दाळूची झाडं आहेत, कुठल्या पुलाखाली बगळे उतरतात, सगळं तिला पाठ. मी घरी आलो की सांगायची, "चाल, तुले एक जागा दाखवतो." आणि घेऊन जायची. मारायला तिथे कोणीच नसायचं. मी हात बांधून बसायचो आणि ती मला फिरवायची.

मग दीदीचं लग्न झालं, नागपूरला. योद्धा एका सरायीच्या दारात उभा राहिला.

मी एकट्याने खेळून पाहिलं, नाही असं नाही. पण माझा डावा अंगठा म्हणजे सरकारी पाहुणा. बसल्या जागेवरून हलेल तर शपथ. घोडा सरळ म्हटला की दरीत, डावीकडे म्हटला की भिंतीत. एकदा तर तो विहिरीत असा पडला की मी घाबरून टीव्हीच्या मागे वाकून पाहिलं. शेवटी त्याला परत सरायीच्या दारात आणून उभा केला आणि गेम बंद केला.

आणि वाट बघायला लागलो, दुसऱ्या भागाची. येणार, येणार म्हणत त्याने इतकी वर्षं घेतली की तेवढ्यात तेलीबांध्याच्या तळ्याभोवती दिवे लागले, तिथल्याच एका ऑफिसात मी चिकटलो, आणि डोक्यावरचे केस एकेक करून माझी रजा घेऊन गेले. अधूनमधून गेमची नवी झलक यायची. मी ती दीदीला पाठवायचो आणि लगेच फोन करायचो.

"आला का रे?"

"येऊन राहिला."

"तू म्हातारा होशील तेव्हा येईन तो."

"येईन तं सही. मी अजून हात नाही लावला त्याले. सरायीतच उभा आहे."

खरं सांगायचं तर मला दुसरा भाग हवा होता तो दीदीसाठी. आमच्याकडे छत्तीसगडात तीजेला लग्न झालेली पोर माहेरी येते, आणि तिला आणायला भावाने जायचं असतं. आई-बाबा विदर्भातून इथे रेल्वेच्या नोकरीपायी आले, तेव्हापासून आम्ही हरतालिका आणि तीज एकातच कालवून टाकलेली. पण नागपूरच्या सासरी तीजेला माहेरी जायची रीत नाही. आधी एक वर्ष दीदीला सुट्टी नव्हती, मग सासूचं गुडघ्याचं दुखणं निघालं, मग पोरीची शाळा. मग कोणी कारण विचारणंही सोडलं. मला एक निमित्त हवं होतं, असं की ती दरवर्षी स्वतःहून विचारेल, "काहून रे, कधी येतो घ्याले?" निव्वळ भाऊ हे निमित्त पुरत नाही, हे मला कळून चुकलं होतं.

यंदा पाऊसकाळात दुसरा भाग आला. मी आणला आणि फोडला नाही. ऑफिसातल्या पोट्ट्यांनी पहिल्याच आठवड्यात खेळून संपवला आणि माझ्यासमोर त्याच्याबद्दल बोलायला लागले, तर मी कानात बोटं घालून जिन्यावर जाऊन उभा राहायचो. "भैया, सुन तो लो, उतना खास नहीं है," एक जण मागून ओरडला. मी आणखी दोन मजले उतरलो.

तीजेच्या आदल्या दिवशी सकाळीच नागपूर गाठलं. दीदीच्या सासरी बैठकीत सांगितलं की छत्तीसगडात तीजेला भाऊ रिकाम्या हाताने परतला तर त्या वर्षी महानदी उलटी वाहते, आणि रायपूरच्या पाच-पंचवीस लाख लोकांचं पाप कोण घेणार? भाऊजी हसून हसून खोकले. दीदी चहा घेऊन आली तेव्हा तिच्या कानात म्हणालो, "आला."

"का आला?"

"दुसरा भाग."

माझा चहा निवायच्या आत तिची बॅग भरलेली होती.

गाडीत ती जर्दाळूच्या झाडांबद्दलच बोलत राहिली. आता ती कशी दिसत असतील, नवीन भागात तो बाजार असेल का, रंगारी असेल का. दुर्ग मागे पडेपर्यंत तिने सगळ्या गल्ल्या तोंडी फिरून घेतल्या. त्या रात्री आईने करू भात वाढला. म्हणजे कारल्याची भाजी आणि भात, उपासाच्या आधीचं शेवटचं जेवण. दीदीला कारलं सोसत नाही, तरी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिचा निर्जळी उपास. पूजा आटोपून दुपारी आम्ही टीव्हीसमोर चटईवर बसलो. मी कंट्रोलर पुढे धरला. नवा होता, पहिल्यापेक्षा जाड. दीदीने न विचारता डावी बाजू धरली. इतकी वर्षं मधे गेली होती, पण तिचा खांदा माझ्या खांद्याला बरोबर त्याच जागी टेकला.

सुरुवात अशी की डोळे दिपावेत. घोड्याच्या एकेका केसाला वेगळा वारा लागत होता. डोंगरावरचं बर्फ पाहून मी उठून पंखा कमी केला. दीदी म्हणाली, "बाप रे बाप!"

मग घोडा चालायला लागला. जमिनीवर एक सोनेरी रेघ उमटली आणि घोडा त्या रेघेवरून निघाला.

"वा दीदी!" मी म्हणालो. "हात अजून बसलेला आहे तुझा."

"चूप बस. मी काही नाही करून राहिली."

मी खाली पाहिलं. तिचा अंगठा दांडीवर नुसता ठेवलेला होता.

"तो आपल्या मनानंच जाऊन राहिला," दीदी म्हणाली.

तिने दांडी डावीकडे दाबली. घोडा दोन पावलं वळला, मान झटकली आणि परत रेघेवर आला. तिने उजवीकडे ओढली. पुन्हा तेच. "हा घोडा आहे का शाळेचा रिक्षा?" दीदी म्हणाली. मी खिशातला फोन काढून हे कसं बंद होतं ते शोधलं. ते बंद होत नव्हतं. लोकांना रस्ता चुकायचा कंटाळा येतो म्हणून आता चुकायची सोयच ठेवलेली नव्हती.

बाजार आला, पहिल्या भागातल्यापेक्षा दहापट मोठा. दीदी पुढे सरसावली. पण दुकानांची दारं म्हणजे भिंतीवर रंगवलेली दारं. माणसं हात हलवत होती आणि फिरून फिरून एकच वाक्य बोलत होती. दीदीने जोर लावून घोडा एका बोळाकडे नेला, तर पडदा काळा झाला आणि आम्ही परत रेघेवर. आणि तो शिपाई! पहिल्या भागात मुका होता, म्हणून त्याच्या वाटचं आम्ही बोलायचो. आता त्याला वाचा फुटली होती. घोड्यावर बसला की भाषण, उतरला की भाषण. निवडणुकीला उभा असावा असा बोलत होता.

लढाया मात्र होत्या. एकामागून एक, आणि सगळ्या माझ्या बाजूच्या. मी मारत सुटलो. मधे मधे दीदीकडे बघायचो. तिचा अंगठा दांडीवर तसाच होता. घोडा जाईल तिकडे ती दांडी हळूच वळवत होती, जणू तीच नेते आहे. मला दिसू नये म्हणून पदर हातावर घेतला होता.

थोड्या वेळाने तिने हात काढून घेतला.

"घे. पूरा तूच घे."

"अगं, पुढं असन तुझं काम. सुरुवातच आहे आता."

"मले चक्कर येऊन राहिली, उपास आहे न. तू खेळ, मी पाहतो."

चक्कर वगैरे काही नव्हती. मी अख्खा कंट्रोलर पहिल्यांदा दोन्ही हातांत धरला. चालायची तर आता गरजही नव्हती, पण डाव्या हाताला काय करू ते कळेना. आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "काहून, भांडले का?"

"नाही वं," दीदी म्हणाली. "भांडाले काही ठेवलंच नाही याच्यात."

आणि दिवाणाला डोकं टेकून तिने डोळे मिटले. ओठ सुकले होते. मी हिशेब लावायचा नाही म्हटलं तरी लागला: रविवारी तिची परतीची गाडी, मग पुढची तीज, आणि पुढच्या तीजेला मी नागपूरच्या बैठकीत बसून कानात काय सांगणार होतो?

"सांग न," ती डोळे न उघडता म्हणाली. "का होऊन राहिलं?"

पडद्यावर घोडा सोनेरी रेघेवरून खालमानेने चालला होता.

"नदी आली," मी म्हणालो.

"कोणती?"

"मोठी. महानदी तिच्यात आंघोळ करून जाईन इतकी."

"पूल?"

"वाहून गेला. नाव आहे, पण नाववाला म्हणते घोडा नाही घेत."

"त्याच्या नादी नको लागू. वरतून पाय, उथळ जागा असन. बगळे उभे असतात तिथं."

"आहेत बगळे."

"मंग तिथूनच उतरव. हळू. डावीकडे दाब, धार उजवीकडे ओढन."

"दाबला."

"घोडा भेला का?"

"थोडासा. कान मागं घेतले त्यानं."

"मानेवरून हात फिरव. फिरवला?"

"हव."

आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. "टीव्हीत तं नदी दिसून नाही राहिली," ती म्हणाली.

"आई, तू मधात नको बोलू वं," दीदी म्हणाली. "पाण्यात आहो आम्ही."

घोडा रेघेच्या टोकाला पोचून थांबला होता. शिपाई पुन्हा भाषण ठोकत होता आणि पुढे जायला बटण दाबा म्हणून पडद्याचा कोपरा लुकलुकत होता. मी दाबलं नाही.

"पाणी कुठपर्यंत आलं?" दीदीने विचारलं.

"छातीपर्यंत."

"काठ?"

पलीकडचा काठ मी सांगेन तिथे होता. मी तो लांब ठेवला.